वाघाला सहकुटुंब प्रवेश

एका जंगलात, मुलांनो, एक रिकामी गुहा होती. आधी तिथे वटवाघळं राहायची. ती का गेली हे कोणी विचारलं नाही. नंतर तिथे जे सुरू झालं त्याच्या गडबडीत वटवाघळांची आठवण कोणाला येणार?

त्या गुहेत एका तरसाने 'खदखद कौटुंबिक करमणूक केंद्र' उघडलं. तरसाचं नाव हसमुखशेठ. करमणुकीच्या धंद्यात हसरा चेहरा लागतो, आणि तरसाला तो जन्मतःच मिळालेला असतो. इतरांना त्यासाठी कष्ट पडतात.

आत व्हिडिओ गेमची यंत्रं होती. बटणं होती, दांडे होते, धडाधड आवाज होते. आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारेल की जंगलात वीज कुठून आली. काजव्यांकडून आली. हसमुखशेठने त्यांना दिवसपाळीला लावलं होतं. पुढे विचारू नका. प्रश्न विचारणाऱ्या मुलांना गोष्ट सांगताना मला धाप लागते.

एक लाल गुंज यंत्रात टाकली की खेळ सुरू व्हायचा. माकडांची पोरं मोटारी पळवायची. ससे पडद्यावर लांडग्यांना गोळ्या घालायचे आणि बाहेर आल्यावर पान हललं तरी बिळात शिरायचे. अस्वलाचं अख्खं घराणं एका यंत्रावर नाचायचं. खाली चौकोन उजळायचे, त्यावर पाय द्यायचे. अस्वलांनी पाय दिला की चौकोन विझायचे ते कायमचे.

सुरुवातीला मात्र केंद्राकडे कोणी फिरकत नव्हतं. तरसाच्या गुहेत पोरं पाठवायची म्हणजे काय, हे प्रत्येक आईला कळत होतं. म्हणून हसमुखशेठने दाराशी पाटी लावली:

'येथे फक्त सहकुटुंब प्रवेश. एकट्या गृहस्थास आत सोडले जाणार नाही. जितके आत जातील तितकेच बाहेर येतील.'

त्यासाठी तो दाराशी प्रत्येकाच्या पायावर जांभळाच्या रसाचा शिक्का मारायचा आणि बाहेर पडताना पाय तपासायचा. ही पाटी वाचून आया निर्धास्त झाल्या. जंगलात कायदा कोणी मानत नाही, पण पाटी सगळे मानतात.

त्याच जंगलात तानुबाई नावाची हरिणी राहायची. तिला एकच पाडस होतं. त्याचं नाव ठिपक्या. ठिपक्याचे वडील गेल्या उन्हाळ्यात बांबूच्या बेटात पाला खायला गेले आणि परत आले नाहीत. बेटात वाघ होता, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ठिपक्या गुणी होता, पण त्याला पळता यायचं नाही. म्हणजे पाय चांगले चार होते. पण कळप उधळला की हा उभा. का? तर चतुर किडा पाण्यावर शेपूट का आपटतो ते बघत होता. तानुबाईचा जीव टांगणीला लागलेला असायचा. कळपातले दगडोबा सांबर रोज सकाळी मुलांचा पळण्याचा वर्ग घ्यायचे. त्यांनी ठिपक्याला तिथून परत पाठवलं.

"बाई, मुलाला पळायला शिकवा," ते म्हणाले. "जंगलात दुसरं शिक्षण नाही. बाकी सगळी थेरं."

"लक्ष द्यायला हवं हो," तानुबाई म्हणाली. रात्रंदिवस ती दुसरं काय करत होती!

एके दुपारी मायलेकरं पाणवठ्यावर पाणी पीत होती. अचानक झाडावरचं वानर ओरडलं. सगळा कळप पसार झाला. तानुबाईही चार उड्या गेली आणि मागे वळून पाहते तो ठिपक्या पाण्यातली बेडकांची पिल्लं निरखत जागच्या जागी. आणि त्याच्या पलीकडे, करंजाच्या सावलीत, वाघ.

ती परत फिरली. आई होती, दुसरं काय करणार? येऊन पाडसाच्या पुढे उभी राहिली.

"घाबरू नका," वाघ म्हणाला. "काम होतं."

"आमच्याकडे तुमचं एकच काम असतं," तानुबाई म्हणाली.

वाघ जरा ओशाळला. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. तो आदल्या दिवशी करमणूक केंद्रावर गेला होता. हसमुखशेठने त्याला दारातच अडवलं. एकटे आहात म्हणाला. वाघाने डरकाळी फोडली. हसमुखशेठ हसला आणि पाटीकडे बोट दाखवलं. वाघाने मालकाला बोलव म्हटलं. हसमुखशेठ आत गेला, बाहेर आला आणि मालक नाही म्हणतात म्हणाला. मालक तोच होता.

"मग त्याला खायचं होतंत," तानुबाईच्या तोंडून गेलं.

"आणि यंत्र कोण चालू करणार?" वाघ म्हणाला. "तुम्ही आत ते पंज्याचं यंत्र पाहिलंत का?"

तिने पाहिलं होतं. काचेची मोठी पेटी. आत कापडी हरणं, कापडी ससे, एक निळा हत्ती. वरून एक लोखंडी पंजा लोंबत असतो. दांड्याने तो हलवायचा, बटण दाबलं की खाली येतो, हरणाला धरतो, वर उचलतो आणि नेमका भोकाजवळ आणून सोडून देतो.

"मी दारातून पाहिलं," वाघ म्हणाला. "तो पंजा हरीण धरतो आणि सोडतो. धरतो आणि सोडतो. मला रात्री झोप लागली नाही. हा काय पंजा झाला? पंज्याच्या जातीला बट्टा आहे हा. मला एकदा तिथे उभं राहू द्या. पण मला कुटुंब नाही. आमच्यात कुटुंब ठेवत नाहीत. तुम्ही मला सहकुटुंब आत घेऊन चला."

"मीच का?"

"बाकीचे पळाले. शिवाय तुमच्या यजमानांची आणि माझी ओळख होती."

नाही म्हणायची सोय होती का? ठिपक्या एव्हाना वाघाच्या मिशीवर बसलेली माशी बघायला आणखी जवळ गेला होता.

"येईन," ती म्हणाली. "पण नवरा म्हणून चालायचं नाही. लोक नावं ठेवतील. तुम्ही दीर."

"चालेल, वहिनी," वाघ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हे कुटुंब केंद्राच्या दाराशी आलं. रांगेतली माकडं झाडावर चढली, सशांनी आपली पोरं पोटाखाली घेतली. हसमुखशेठने तिघांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हे कोण?"

"आमचे भावोजी," तानुबाई म्हणाली.

"तुम्हाला ठिपके, यांना पट्टे?"

"त्यांच्याकडे तसंच असतं. सासरचं कोणी काय बोलावं?"

हसमुखशेठ हसला. पण तो होता पक्का. म्हणाला, "सख्खे काका असतील तर बघू. बाळ, काकांच्या पाया पड."

ठिपक्या पुढे झाला आणि मान खाली घालून वाकला. कोवळी मान वाघाच्या तोंडाखाली आली. वाघ तिच्याकडे बघतच राहिला. त्याला पुढचं येत नव्हतं. आजवर इतक्या माना त्याच्यासमोर आल्या, पण आपल्या पायांनी चालत एकही आली नव्हती.

"औक्षवंत हो म्हणा," तानुबाई दात आवळून कुजबुजली.

"औक्षवंत हो," वाघ म्हणाला.

हसमुखशेठने तिघांच्या पायांवर एकसारखे शिक्के मारले. आणि हा रोजचाच रिवाज होऊन बसला. वाघ रोज यायचा. हसमुखशेठ रोज दारात पाया पडायला लावायचा. ठिपक्या वाकायचा, वाघ "औक्षवंत हो" म्हणायचा आणि तिघं आत जायची.

आत गेला की वाघ पंज्याच्या पेटीसमोर बसे. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून तो दांडा हलवी. पंजा खाली जाई, कापडी हरणाची मान धरी, वर येई आणि सोडून देई. वाघ असा कण्हे की शेजारचं अस्वल नाचायचं थांबे. मग तो दुसरी गुंज टाकी.

तानुबाई मागे एका दगडावर बसून राही. बाकीच्या आया म्हणत, देवा, माझ्या पोराला एकदा तरी जिंकू दे. तानुबाई म्हणे, देवा, यांना कधीच जिंकू देऊ नकोस. पंजा सैल आहे तोवर आमचं कुटुंब आहे. एकदा का हरीण हाती आलं की यांना वहिनी कशाला लागते? एके दिवशी न राहवून ती हसमुखशेठकडे गेली.

"शेठ, तो पंजा कधी घट्ट तर करत नाही ना?"

"वहिनी, मला धंदा बंद करायचाय का?" शेठ म्हणाला. तानुबाईला त्या लबाड तरसाचे पाय धरावेसे वाटले.

आणि गंमत बघा. जसजसे दिवस गेले तसतसा तानुबाईचा मान वाढला. पाणवठ्यावर गेली की म्हशी सरकून जागा द्यायच्या. "भावोजी काय म्हणतात?" असं रानडुकरं अदबीने विचारायची. ज्या हरिण्या तिला विधवा म्हणून टाळत होत्या त्या हळदीकुंकवाला बोलवू लागल्या. तानुबाई म्हणायची, "काही नाही हो, साधे आहेत स्वभावाने." हे म्हणताना तिला स्वतःचाच राग यायचा, पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच म्हणायची. जागा कोणाला नको असते?

फक्त दगडोबा सांबर बोलायचे. "वाघाला घरात घेतलंत?"

"घरात नाही. फक्त केंद्रात."

"एकच आहे ते. पोराला पळायला शिकवा. माझी मुलं आता वाऱ्यालाही मागे टाकतात."

ठिपक्या आता पळण्याच्या वर्गाचं नावही काढत नव्हता. काकांच्या शेजारी बसून दिवसभर तो पेटीत बघत असे. बघणं एवढंच त्याला येत होतं, आणि ते मात्र त्याला फार चांगलं येत होतं.

एकदा असाच बसला असताना त्याने विचारलं, "काका, तुमची आणि बाबांची ओळख होती ना?"

वाघाचा पंजा दांड्यावरच थांबला. "होती."

"कसे होते ते?"

वाघाने बराच वेळ पेटीतल्या कापडी हरणांकडे पाहिलं.

"चांगले होते," तो म्हणाला. "फार चांगले होते."

ठिपक्याला बरं वाटलं. बाबांबद्दल चांगलं बोलणारं दुसरं कोणी त्याला भेटलं नव्हतं, कारण कळपात त्यांचा विषयच कोणी काढत नसे. तानुबाई तोंड फिरवून रडली. रागाने रडली की आणखी कशाने, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिला एवढंच वाटलं की आत्ताच्या आत्ता उठावं, या मेल्याच्या डोळ्यात खूर मारावा आणि पोराला घेऊन निघून जावं. पण जाणार कुठे? बाहेर पाय टाकला की हा दीर नव्हे, वाघ होता. म्हणून ती दगडावर बसून राहिली.

त्या दिवसापासून ठिपक्याला काकांसाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. आणि मुलांनो, घरातल्या चांगल्या मुलाला असं काही वाटू लागलं की घरच्यांनी सावध व्हावं.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही दर वेळी मानच का धरता?"

"मग काय धरायचं?"

"मान गुळगुळीत आहे. पंजा घसरतो. हरणाच्या शेपटीला एक दोरा आहे बघा, गाठ मारलेला. त्या गाठीत पंज्याचं टोक अडकवा."

"शेपटीला?" वाघाने तोंड वाकडं केलं. "आमच्या सात पिढ्यांत कोणी हरीण शेपटीने धरलं नाही."

"म्हणूनच सुटतंय ना, काका."

तानुबाईला हे ऐकू गेलं नाही. एक रानडुकरीण तिला आपल्या मुलाची शिफारस करायला सांगत होती. तिने टाळ्या ऐकल्या तेव्हा मान वळवली. पंजा वर येत होता. त्याच्या टोकाला कापडी हरीण उलटं लोंबकळत होतं. भोकावर आलं. पडलं. खाली पेटीच्या तोंडातून घरंगळत वाघाच्या पायाशी आलं.

अख्ख्या केंद्रात जल्लोष झाला. अस्वलांनी उरलेले चौकोन फोडले. वाघाने हरीण तोंडात धरलं आणि ऐटीत दाराकडे निघाला. मागून ठिपक्या उड्या मारत निघाला. त्याच्या मागून तानुबाई निघाली.

हसमुखशेठने दारात तिघांचे शिक्के पाहिले. जितके आत, तितकेच बाहेर. त्याची जबाबदारी संपली.

बाहेर आल्यावर वाघाने हरीण जमिनीवर ठेवलं. मग सवयीने त्याच्या मानेचा चावा घेतला. आतून सावरीचा कापूस निघाला. वाघ थुंकला. पुन्हा चावला. पुन्हा कापूस. मिशांना कापूस, जिभेला कापूस. कापूस पोटात जात नाही, मुलांनो. इतके दिवस खेळापायी तो अर्धपोटी राहिला होता. ती सगळी भूक आता एकदम जागी झाली.

त्याने मान वर केली आणि ठिपक्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते तानुबाईने ओळखलं. बांबूच्या बेटात तिने ती नजर लांबून पाहिली होती.

पळ, असं ओरडावं का? पण ठिपक्या पळाला नसता. तो थांबला असता आणि का म्हणून विचारलं असतं. वाघ दबून बसू लागला. दाराशी रांग होती. रांगेतल्या सगळ्यांना कळलं होतं. कोणी हललं नाही, कारण हललं तर नंबर गेला असता.

तेव्हा तानुबाईने पदर सावरावा तशी मान सावरली. सणासुदीला पाहुण्यांसमोर आया ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात ती मोठ्याने म्हणाली, "अरे ठिपक्या, असा काय उभा? काकांनी बक्षीस मिळवलं ना? पाया पड बघू त्यांच्या."

ठिपक्या पुढे झाला. वाकला. तीच कोवळी मान वाघाच्या तोंडाखाली आली. वाघाचा जबडा उघडला. रांगेतल्यांनी सगळे दात पाहिले. तानुबाईने डोळे मिटले.

आणि त्या उघडलेल्या जबड्यातून बाहेर पडलं, "औक्षवंत हो."

वाघ स्वतःच दचकला. त्याला ते म्हणायचं नव्हतं. पण इतके दिवस ती मान खाली आली की तेच शब्द बाहेर येत होते. सवय ही भुकेच्याही आधी तोंडात येते. त्याने पुन्हा जबडा उघडला.

"सगळ्यांनी ऐकलं हं भावोजी," तानुबाई घाईने म्हणाली. "अगदी पोटातून दिलात आशीर्वाद."

रांगेतली माकडं टाळ्या वाजवू लागली. "वा काका! काका असावा तर असा!" हसमुखशेठही दारातून हसला. वाघाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढ्या लोकांदेखत आयुष्य देऊन पुढच्याच क्षणी ते परत घेणं वाघालाही बरं दिसलं नाही. त्याने मिशीवरचा कापूस झटकला.

"येतो, वहिनी," तो म्हणाला. "जरा बाहेर खाऊन येतो. उद्या त्या निळ्या हत्तीचं बघू."

आणि तो झाडीत शिरला.

तानुबाई मटकन खाली बसली. तिने ठिपक्याला चाटलं, कानापासून खुरापर्यंत चाटलं, पुन्हा कानापासून सुरुवात केली. "आई, गुदगुल्या होतात," तो म्हणाला. ती हसली, रडली. लेकरू जिवंत होतं. त्या वेळी तिला जगात दुसरं काही नको होतं.

इतक्यात टेकडीच्या बाजूने, जिथे पळण्याचा वर्ग चालायचा तिथून, वानराची आरोळी आली. मग धावणाऱ्या खुरांचा आवाज. फार वेगाने धावत होतं कोणीतरी. वाऱ्याला मागे टाकेल असं. मग एक किंकाळी, आणि मग काहीच नाही.

रांगेतल्या सगळ्यांचे कान टवकारले. तानुबाईचेही टवकारले. मग तिने ते खाली केले.

"कोण होतं, आई?" ठिपक्याने विचारलं.

"आपल्यातलं नव्हतं," तानुबाई म्हणाली. "चल घरी."

तात्पर्य: मुलांना पळायला शिकवण्यात वेळ दवडू नये, वाकायला शिकवावे. पळणाऱ्याला कधीतरी दम लागतो. वाकणाऱ्याला लागत नाही, आणि उद्या दारात त्याला नंबरही पुढचा मिळतो.